पलीकडचे टोले

१

देवासजवळ, टोंकखुर्दच्या रस्त्याला लागून बापूसाहेबांचं गाजर धुण्याचं शेड होतं. वर पत्रे, मधोमध लाकडी पट्ट्यांचा भलामोठा आडवा ड्रम, ड्रमच्या पोटातून गेलेला पाण्याचा लोखंडी पाइप. मोटर सुरू झाली की असा खडखडाट व्हायचा, की शेजारच्या बाईनं शिव्या घातल्या तरी आशीर्वाद समजून गप्प राहावं. अलीकडून बायका चिखलानं माखलेली गाजरं ओतायच्या आणि पलीकडे ती लालभडक होऊन बाहेर पडायची. स्टार्टर अलीकडच्या भिंतीवर होता. तिथं उभ्या माणसाला पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नसे, कारण मध्ये तो ड्रम.

स्टार्टरपाशी दत्ताजी उभे राहत. पलीकडची बाजू त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे, भवानीबाईंकडे होती. दर थोड्या वेळानं ड्रम थांबवायचा, पट्ट्यांच्या फटींत अडकलेली गाजरं आणि दगड पलीकडच्या बाईनं उपसायचे आणि झालं की खूण करायची. दुसऱ्या कुठल्याही शेडमध्ये ती बाई ओरडून मोकळी झाली असती. पण या घराण्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नसे. यांचे पूर्वज देवासच्या पागेत खोगिरं शिवायला म्हणून आले होते. घोडे गेले, खोगिरं गेली, डोक्यावरचा पदर आणि ही रीत तेवढी राहिली. म्हणून भवानीबाई हातातल्या काकणांनी पाइपवर टोले द्यायच्या. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. तो तिसरा ऐकला की दत्ताजी बटण दाबत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात भवानीबाई फटीत कोपरापर्यंत हात घालून एक जाडजूड गाजर ओढत होत्या. ओढताना काकणं पाइपला लागली. नुसती लागली. पण लागायची ती दोनदा लागली, आणि गाजर थोडं सैल झालं तेव्हा आणखी एकदा. दत्ताजींनी बटण दाबलं.

भवानीबाई वाचल्या. उजवा हात मनगटापासून गेला. नंतर ड्रम रिकामा केला, खालचा चिखल घमेल्या-घमेल्यानं उपसून पाहिला, पण हात काही सापडला नाही. कुत्र्यानं नेला असेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

बापूसाहेब मनानं चांगले. त्यांनी दवाखान्याचा खर्च केला आणि शेडमध्ये सुधारणाही केल्या. ‘सावधान! चलती मशीन में हाथ न डालें’ असा हिंदी फलक आणून लावला, तो स्टार्टरवर, म्हणजे जिथं कुणी हात घालत नाही तिथं. रबरी हातमोजे आणले, ते पैलवानाच्या मापाचे. मशीनवर काकणं घालायची नाहीत असा नियम केला आणि टोले द्यायला एक लाकडी मोगरी दिली. या हिवाळ्यात ती मोगरी घेऊन पलीकडे भवानीबाईंची नवी सून उभी राहू लागली. तिचं नाव कृतिका.

२

कृतिका धारची. लग्नाआधी मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची. इथं आल्यावर तिला कळलं, की थोरल्या मामंजींशी, म्हणजे चुलतसासरे दत्ताजींशी, आपण बोलायचं नाही आणि तेही आपल्याशी थेट बोलणार नाहीत. मधे गुड्डी. गुड्डी जवळच्याच गावची, अलीकडे गाजरं ओतणाऱ्या बायकांची म्होरकी, आणि दोघांचे निरोप ड्रमला वळसा घालून पोचवण्यात तिला भारी मजा वाटायची.

त्या सकाळी धुकं होतं. ड्रम थांबला होता. कृतिकानं फटी साफ केल्या, एकच फट राहिली. तिनं मोगरी कठड्यावर ठेवली आणि हात पुन्हा आत घातला. हातमोजा कुठल्याशा खिळ्यात अडकला. एवढा ढगळ हातमोजा देणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावून तिनं हात तेवढा बाहेर ओढला, आणि ड्रम फिरला.

हातमोजा आत गेला. एकदा वर आला, पाची बोटं पसरून, आणि चिखलात दिसेनासा झाला.

ती मागे सरकली ती थेट टोपल्यांवर जाऊन पडली. मोगरी कठड्यावर होती तशीच होती. तिनं पदर सावरला, गुड्डीला हातानं बोलावलं, आणि मशीन बंद झाल्यावर म्हणाली, की मी टोले दिलेच नव्हते. गुड्डी निरोप घेऊन गेली. दत्ताजींचा आवाज स्टार्टरच्या बाजूनं आला, जुना, सावकाश.

“सूनबाईंना सांग, टोले ऐकल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही. मागचं काय मी विसरलोय?”

कृतिकानं गुड्डीला पुन्हा पाठवलं. “पूछ रही हैं, मोगरी के थे क्या?”

दत्ताजी म्हणाले, “काकणांचे.”

कृतिकानं आपल्या मनगटांकडे पाहिलं. एकावर घड्याळाचा रबरी पट्टा होता, दुसऱ्यावर लग्नातला लाल दोरा.

तिनं स्वतःला समजावलं. थंडीत लोखंड आखडतं, वाजतं. पाइपमध्ये हवा भरली की ठक्-ठक् होतंच, घरच्या नळातही होतं. म्हातारा माणूस, मागच्या वर्षीचं मनात घर करून बसलेलं, कान वाजणारच. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला पाइपकडे पाठ करून उभं राहवलं नाही.

३

घरी आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. नवरा अंशुल पिकअप घेऊन इंदूरच्या मंडीत गेला होता. सासरे गणोजी दुकानात पंप दुरुस्त करत बसलेले. भवानीबाई स्वयंपाकघरात डाव्या हातानं मटार सोलत होत्या. उजव्या हाताचं टोक पदराखाली असायचं. त्या ते कुणाला दाखवत नसत आणि लपवण्याचा आवही आणत नसत.

“आज टोले तू नाही दिलेस ना?” त्या म्हणाल्या.

 गुड्डीनं फोन केला असेल, असं कृतिकानं लगेच मनाशी म्हटलं. पण गुड्डी सांगती तर सगळं तिखटमीठ लावून सांगती, आणि भवानीबाईंच्या बोलण्यात तिखटमीठ नव्हतं.

“तुम्हाला कोणी सांगितलं, आत्याबाई?” तिनं सासूला विचारलं.

“मला कळतं गं. तो दुखतो.” त्यांनी पदराकडे मान केली. “डॉक्टर म्हणाले, हात गेला तरी मेंदूला वाटत राहतं आहे म्हणून. वाटू दे. पण मेंदूला वाटायचं तर हात माझ्या मांडीवर आहे असं वाटावं की नाही? मला तो इथं लागतच नाही. मला तो तिथं शेडवर लागतो. गार पाण्यात.”

मटाराचे दाणे टपटप ताटलीत पडत होते. कृतिकाला तिथून उठावंसंही वाटत होतं आणि ऐकावंसंही.

“सकाळी तो काम करत होता,” भवानीबाई म्हणाल्या. “मी इथं चहा घेत बसले होते. मी नको म्हटलं त्याला. पण इतक्या वर्षांची सवय. मला विचारून थोडाच करतो तो.”

त्या हे अगदी सहज बोलल्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाबद्दल बोलावं तसं. कृतिकाला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून जरा धीरही आला. बाईचा हात गेलाय, डोकं थोडं हललं तर नवल काय, असं ती स्वतःला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, की पदराखाली काहीतरी हलतंय. दोनदा लागोपाठ. मग जरा थांबून एकदा. ती उठून पाणी प्यायला गेली.

४

तिनं अंशुलला सांगितलं. थोरल्या मामंजींना म्हण, टोले बंद, मी तोंडानं सांगेन, मगच बटण दाबा. अंशुलनं डोकं खाजवलं. तो आईच्या हाताच्या गोष्टीला घाबरत नव्हता, थोरल्या काकांना घाबरत होता. “अरे यार, काका बुरा मान जाएँगे,” म्हणाला. “तू बोललीस तर त्यांना वाटेल मागच्या साली त्यांच्यामुळे झालं म्हणून आपण ताना मारतोय.” ते खोटं नव्हतं. दत्ताजी त्या दिवसापासून भावाच्या घरी जेवायला आले नव्हते.

मग कृतिकानं स्वतःच एक परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी गुड्डीला दत्ताजींच्या शेजारी उभं केलं. ड्रम थांबल्यावर फटी साफ केल्या, मोगरी टोपलीखाली घातली आणि ड्रमपासून दूर, दोन्ही हात पोटाशी घेऊन, पाइपकडे बघत उभी राहिली. फटीतून दिसणारा पाइप ओला होता. त्याच्या एका जागेवरचा गंज घासून घासून गेला होता आणि तिथं लोखंड चकाकत होतं. भवानीबाईंची जागा. तिथं काहीही नव्हतं. काहीही वाजलं नाही. तिला हायसं वाटलं आणि तेवढ्यात ड्रम फिरू लागला.

गुड्डी वळसा घालून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची नेहमीची मजा गेली होती.

“भाभी, मने भी सुनी,” ती म्हणाली. “पेलां दो, ने फेर एक. चूड़ी होण की.”

तिनंही ऐकले होते, आधी दोन, मग एक, काकणांचेच. म्हणजे पलीकडे उभं राहिलं की ऐकू येत नव्हतं. ऐकू यायचं ते फक्त स्टार्टरपाशी, जिथं ते ऐकू जायला हवं तिथं. याला कृतिकाला कारण सापडेना. पत्र्यावरून आवाज फिरत असेल, एवढंच ती घोकत राहिली.

शेवटी ती पदर घेऊन बापूसाहेबांसमोरच जाऊन उभी राहिली. काकणांचं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, की ड्रमला हात लावताना मला स्टार्टरचा फ्यूज माझ्याकडे हवा. बापूसाहेबांना ही कल्पना इतकी आवडली, की ती आपल्यालाच सुचली असं ते लगेच सर्वांना सांगू लागले. नियम झाला. ड्रम थांबला की गुड्डी फ्यूज काढून आणून द्यायची, काम झालं की कृतिका तो परत पाठवायची. तो चिनी मातीचा ठोकळा कमरेला खोचला की तिला जिवात जीव आल्यासारखं वाटायचं. टोले पडले काय, न पडले काय. वीजच नाही तर ड्रम फिरतो कशाला. ती पुन्हा हसू-बोलू लागली. रात्री झोपही लागायला लागली.

५

संक्रांत जवळ आली होती आणि गाजराला उठाव होता. फाटकाशी अंशुलची पिकअप थांबून हॉर्न देत होती. अशा वेळी ड्रम अडकला. एक दगड पट्ट्यांच्या आणि आतल्या पाइपच्या मध्ये जाऊन असा बसला, की बाहेरून हात पुरेना. गुड्डीनं फ्यूज आणून दिला. कृतिका म्हणाली, मामंजींना सांग मी आत उतरतेय. गुड्डी निघाली, आणि वाटेत फाटकाकडून पोती मोजायला हाक आली म्हणून तिकडे वळली. निरोप तसाच राहिला.

कृतिका ड्रमच्या तोंडातून आत शिरली. आत वाकूनच राहावं लागत होतं. पट्ट्यांमधून उजेडाच्या पट्ट्या तिच्या अंगावर पडल्या होत्या. वरून पाणी ठिबकत होतं. ओल्या मातीचा आणि गाजराच्या सालींचा गोडसर वास होता. तिनं कमरेचा फ्यूज चाचपला आणि दगडाला हात घातला.

टण् टण्.

आत ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. कानाशी. तिनं श्वास रोखला. तिसरा टोला जरा थांबून आला.

स्टार्टरचा खटका वाजला. ड्रम हलला नाही. तिला हसू फुटलं, भीतीनंच फुटलं, पण फुटलं. तिचा हात फ्यूजवर होता. मग स्टार्टरपाशी दत्ताजी स्वतःशी बोलताना ऐकू आले.

“सूनबाई फ्यूज द्यायच्या विसरल्या वाटतं.”

हॉर्न पुन्हा वाजला. दत्ताजींच्या बंडीच्या खिशात तांब्याच्या तारेचा तुकडा कायम असायचा. लहान मुलाच्या खिशात गोट्या असतात तसा. तिनं त्यांना तो दातानं सोलताना पुष्कळदा पाहिलं होतं. फ्यूज उडाला की इकडे दुकानात कुणी जात नाही, तार घालतात. तार घातली की काम चालू. तिनं आता स्टार्टरचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकला.

ओरड, तिनं स्वतःला सांगितलं. तोंड उघडलं. जी पोरगी भर बाजारात चार गिऱ्हाइकांना एका वेळी गप्प करायची, तिच्या गळ्यातून आवाज निघेना. ती बाहेर पडायला वळली, आणि तिचा उजवा हात मागेच राहिला.

तिला वाटलं फटीत अडकला. तिनं पाहिलं. पाइपच्या त्या चकाकत्या जागेपाशी, उजेडाच्या एका पट्टीत, मनगटापर्यंतचा एक हात दिसत होता. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं. हिरवी काकणं. मनगटाच्या मागे अंधार होता आणि अंधारात कुणी असायला जागाच नव्हती. त्या बोटांनी तिचा हात धरला होता. घट्ट नाही. लग्नात बायका नव्या नवरीला हाताला धरून आत नेतात तसा.

“मामंजी!” ती किंचाळली. “थोरले मामंजी, मी आत आहे!”

तार खाली पडल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

ती बाहेर कशी आली ते तिला नंतर आठवेना. समोर दत्ताजी उभे होते. भवानीबाईंचा हात गेल्यापासून ते पलीकडच्या बाजूला पहिल्यांदाच आले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते तिच्याशी, तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

“सूनबाई, आत्ता काकणं वाजली. मी ऐकली. तुम्ही आत होतात, तर मग...”

 ते पोत्यांवर बसले आणि मी आता या बटणाला हात लावणार नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

६

संध्याकाळी घरात सगळं मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. कृतिका पुन्हा शेडवर जाणार नाही, असं अंशुलनं स्वतःहून सांगितलं. दत्ताजी घरी आले होते, बाहेर गणोजींपाशी बसले होते, आणि दोघे भाऊ चहा पीत होते. कृतिका पोळ्या लाटत होती. उजवा हात अजून गार होता. शेकोटीवर धरला, गरम पाण्यात धरला, तरी गारच. थंडीचे दिवस आहेत, ती मनाशी म्हणाली. मनगटावर वाटोळे वळ होते, बारीक, एकाखाली एक. ड्रमच्या पट्ट्यांचे असतील.

भवानीबाई शेजारी पाटावर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा आज उजळला होता. लग्न होऊन आल्यापासून कृतिकानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“आज बरं वाटतंय गं,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस नुसता गारठा. आज ऊब आली त्याला. कुणाचा तरी हात हातात आल्यासारखी.”

लाटणं थांबलं.

“तो माझा होता, आत्याबाई,” कृतिका हळूच म्हणाली. “मी सोडवून घेतला. मी आले निघून.”

भवानीबाईंनी पदराखाली, आपल्या मांडीपाशी पाहिलं. बराच वेळ त्या कशाचा तरी अंदाज घेत असाव्यात तशा बसून राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला आणि त्या सुनेकडे अपार मायेनं बघू लागल्या.

“नाही गं बाई,” त्या म्हणाल्या. “त्यानं अजून सोडलेला नाही.”

कृतिकानं पोळपाटावरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. लाटणं खाली ठेवावं असं तिनं मनात आणलं. हातानं ते ठेवलं. पण जरा थांबून.